माझ्या डोक्यावरचा खळगा

मित्रांनो, मी एक जुना टॅपेट आहे. नाव ऐकून कपाळाला आठ्या पडल्या ना? काम मात्र माझं सोपं आहे. इंजिनातला फिरता दांडा मला खालून वर ढकलतो. मी माझ्या डोक्याने व्हॉल्व्हला ढकलतो, तो उघडतो आणि जळका धूर बाहेर जातो. मी खाली आलो की त्याने घट्ट मिटायचं. हे मी मिनिटाला शेकडो वेळा करतो. स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. गाडी उभी राहिली की मला नको नको ते विचार सुचतात.

माझं डोकं आणि व्हॉल्व्हचं टोक यांच्यामध्ये थोडीशी फट ठेवावी लागते. व्हॉल्व्ह तापला की लांबतो आणि त्याची वाढ त्या फटीत मावते. लहान मुलांना वाढत्या अंगाचे कपडे शिवतात, तसंच हे.

१९२९ साली मला गाडीत बसवलं, तेव्हा माझं डोकं आरशासारखं सपाट होतं. आमचे पहिले मालक डॉक्टर होते. अमेरिकेतल्या ओहायोच्या चिखलातून ते रात्री-अपरात्री बाळंतिणींकडे निघत आणि पोहोचल्यावर गाडीच्या बॉनेटवर थाप मारत. ती थाप माझ्यापर्यंत येई. पुढे नव्या गाड्या आल्या आणि आम्ही एका कोठारात पडलो. सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. ती वर्षं मी कशी काढली, माझं मला ठाऊक.

मग एमेट ब्रँट आला. दाणागोट्याच्या गिरणीतून निवृत्त झालेला हा माणूस आणि त्याची बायको व्हर्ना, दोघांनी मिळून गाडी नवी केली. आम्ही पुन्हा धावलो. पण इतकी वर्षं एकाच जागी ठोके खाऊन माझ्या डोक्यावर एक खळगा पडला होता आणि तो एमेटला दिसला नव्हता. फट मोजायला तो पोलादाची सपाट पाती सरकवायचा. पाती खळग्याच्या काठांवर टेकायची, चरावर फळी टाकावी तशी. व्हॉल्व्हचं अरुंद टोक मात्र थेट तळाला जाऊन आपटायचं. पातीच्या मते फट बरोबर होती. प्रत्यक्षात ती दुप्पट होती आणि मी खडखडत होतो.

चर्चच्या हॉलमधल्या जेवणाला आम्ही गेलो, तेव्हा हॉटेलवाला डुएन केसलर दारातच उभा होता. "एमेट, गाडी आणलीस की व्हर्नाचं शिलाई मशीन?" त्याने विचारलं. सगळे हसले.

एमेट तापला. "लेबर डेच्या सुट्टीला ही गावाबाहेरची टेकडी चढली नाही ना, तर घेऊन जा तुझ्या हॉटेलात!"

डुएनचा आमच्या गाडीवर कधीपासून डोळा होता. इंजिन काढून तिथे बर्फ भरायचा, वर लेट्युस आणि टोमॅटो मांडायचे आणि गिऱ्हाइकांनी त्यातून ताटल्या भरायच्या, असा त्याचा बेत. दोघांनी हात मिळवले. त्या गावात चारचौघांत हात मिळवला की विषय संपला. मी भंगारात जाणार, आणि माझ्या जागी काकड्या!

दुसऱ्या दिवशी एमेटने माझा स्क्रू पिळत पिळत फट मिटवली आणि खडखड पार बंद केली. "आता कशी लोण्यासारखी चालते!" तो म्हणाला आणि व्हर्नाला घेऊन टेकडीवर निघाला. अर्ध्या चढावर व्हॉल्व्ह तापला, लांबला. त्याला वाढायला जागाच नव्हती. तो मिटेना, इंजिनाचा जोर त्यातून निसटू लागला आणि गाडी थांबली. एमेटने पेट्रोलला दोष दिला. कार्ब्युरेटर धुतला, प्लग बदलले. गाडी पुन्हा तिथेच थांबली. लेबर डे उद्यावर आला होता आणि मला ओरडताही येत नव्हतं.

"एमेट, ही गप्प झाल्यापासून हिचा दम गेलाय," व्हर्ना म्हणाली.

"उगाच काहीतरी."

"उगाच? चाळीस वर्षं मी कुरकुरतेय म्हणून तुझं घर चाललंय. मी गप्प बसले असते तर काय झालं असतं, बघ विचार करून."

घरी येऊन एमेटने इंजिनाचं झाकण काढलं, मला मोकळं केलं आणि डोक्यावरून नख फिरवलं. नख खळग्यात अडकलं. "अरे देवा," तो हळूच म्हणाला. मग त्याने माझं आणि माझ्या सगळ्या भावंडांचं डोकं तेल लावलेल्या धारेच्या दगडावर घासून सपाट केलं. फार दुखलं. पण पाती पहिल्यांदाच खरं बोलली. या वेळी त्याने फट जराही कंजूषपणा न करता ठेवली.

सकाळी डुएन गाडी न्यायला ट्रेलर घेऊनच टेकडीच्या माथ्यावर उभा होता. आम्ही निघालो. नेहमीची जागा आली. व्हॉल्व्ह लालबुंद झाला, लांबला. पण त्या फटीत तो मावला आणि मी खाली येताच घट्ट मिटला. व्हर्ना तर पुढे वाकून बसली होती, जणू तीच गाडी ढकलत होती. वळण गेलं, चढ संपला.

डुएनने हार मानून एमेटशी हात मिळवला. मग बॉनेटला कान लावून म्हणाला, "थोडी टिकटिकतेय अजून. पिळून देऊ का?"

"राहू दे," एमेट म्हणाला. "बोलू दे तिला."

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी खडखडत असेल, कुणी कुरकुरत असेल. त्यांचा आवाज बंद करायची घाई करू नका. आधी झाकण काढा, बोट फिरवून बघा कुठे झिजलंय ते. आम्ही गप्प झालो म्हणजे बरे झालो, असं नसतं.