बर्फ एकदा गेला की दोनदा

व्याही म्हटले की रुसवेफुगवे आलेच, पण ह्या दोघांसारखे व्याही शोधूनही सापडायचे नाहीत. मुलाचे वडील भूशास्त्रज्ञ, मुलीचेही वडील भूशास्त्रज्ञ, आणि दोघांचं भांडण पोरांच्या लग्नाच्या कितीतरी आधीपासूनचं. भांडण कशावरून, तर कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या बर्फावरून! जमिनीत खोल भोक पाडून काढलेला दगडाचा एकच लांब दांडा, तुकडे करून ओळीने लाकडी पेट्यांत मांडलेला. तळाच्या पेट्यांत हिमयुग, वरच्या पेट्यांत उबदार काळ, इथपर्यंत दोघांनाही मान्य. मधल्या एका पेटीवरून मात्र घोडं अडलं होतं. तिच्यात खाली स्वच्छ चिखल होता आणि वर पुन्हा बर्फाने आणलेले खडे. मुलाचे वडील, म्हणजे मुलीचे सासरे, म्हणायचे, बर्फ गेला आणि थोड्या काळाने परत आला, म्हणजे तो दोनदा गेला. मुलीचे वडील म्हणायचे, एकदा गेला तो गेलाच. विद्यार्थ्यांनी त्यांची नावंच पाडली होती, दोनदा सर आणि एकदा सर.

मधल्यामध्ये सापडली सून. तीही त्यांच्याच संस्थेत दगड कापणारी. घरात जेवणाच्या टेबलावर दगडाचा विषय काढायचा नाही, असा सासूबाईंचा दंडक होता. नवरा दातांचा डॉक्टर; कोणी मत विचारलंच, तर बत्तीसच्या पुढचं मला कळत नाही म्हणून तो हात झटकायचा. असं सगळं हसतखेळत चाललं होतं. त्यात पुढच्या आठवड्यात सासऱ्यांचा सत्कार ठरला, आणि तोही त्याच ‘दुसऱ्या बर्फा’साठी.

सत्काराला मोठा फोटो हवा, म्हणून सुनेने ती मधली पेटी करवतीखाली घेतली. आजवर सगळ्यांनी तिच्यातले खडेच मोजले होते. उभी कापून आतून कोणीच पाहिली नव्हती. कापलेली बाजू घासून तिने वर पाणी ओतलं आणि चिखलाचे बारीक थर वहीच्या कडेसारखे उमटले. थरांत अडकलेला एक खडाही दिसला.

हे खडे हिमनगांनी आणलेले. तरंगता हिमनग वितळला की त्याच्या पोटातले खडे समुद्रतळाच्या चिखलात पडतात. पडल्यावर खालचे थर दबतात, आणि पुढे साचणारा चिखल वरून पांघरुणासारखा बसतो. इथे मात्र खळगा खड्याच्या वर होता आणि पांघरूण खाली. तिने दुसरा खडा पाहिला, तिसरा पाहिला, सगळे तसेच. म्हणजे भोकातून दांडा काढला तेव्हाच कोणीतरी पेटी भरताना तुकडे खालचे वर नि वरचे खाली ठेवले होते. सरळ करून पाहिलं, तर खडे गेले तळाला, स्वच्छ चिखल आला वर, आणि सासऱ्यांचा दुसरा बर्फ चक्क नाहीसा झाला.

गप्प बसलं तर कोणाला कळणार नव्हतं. सांगितलं, तर सासऱ्यांच्या सत्काराचा विचका आणि वडिलांची दिवाळी. ते गल्लीभर सांगत सुटतील आणि तिला घरात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. शिवाय भिंग कसं धरायचं हे तिला सासऱ्यांनीच शिकवलं होतं, आणि तिचा त्यांच्यावर फार जीव होता. नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, किडलेला दात सत्कारानंतर उपटला म्हणून कमी दुखत नाही.

सकाळी ती सासऱ्यांना पेट्यांच्या गोदामात घेऊन गेली आणि भिंग हातात दिलं. ते बराच वेळ वाकून होते. एकेक खडा बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, “तुझ्या बाबांना सांगितलंस?”

“नाही अण्णा. आधी तुम्हाला.”

त्यांचे डोळे भरून आले. ते त्यांनी बाहीने पुसले, आणि व्याह्यांना फोन त्यांनी स्वतःच लावला.

वडील शर्टाची बटणं वरखाली लावूनच धावत आले. सासऱ्यांनी पेटी पुढे केली. “तुम्ही जिंकलात. बर्फ एकदाच गेला. सत्काराच्या भाषणात मीच सांगणार आहे.”

आता बाबा टाळ्या पिटणार, म्हणून सुनेने जीव मुठीत धरला. वडील वाकले, पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले की एवढ्याशा खड्यांवर काय विश्वास ठेवायचा. चिखल खालून फुगला असेल, खडे लोळले असतील. सासरे तापले. सगळेच्या सगळे खडे एकाच बाजूला कसे लोळतील, हे त्यांनी व्याह्यांना खडसावून विचारलं. वडील हटायला तयार नव्हते. बर्फ दोनदा गेला असणं अगदीच अशक्य नाही, असं म्हणण्यापर्यंत त्यांची मजल गेली.

“बाबा,” सून म्हणाली, “अहो, तुमचंच बरोबर ठरलंय.”

वडिलांनी चष्मा काढला. “ते कळतंय गं मला. पण ह्यांचं कुठे चुकलं ते शोधायचं म्हणून मी इतकी वर्षं रोज सकाळी उठतोय. उद्या उठून काय करू?”

मग सासऱ्यांनी व्याह्यांचा हात धरून त्यांना पेटीशी ओढलं आणि खड्यांवरून बोट फिरवलं. तळाला दाटीवाटी, जरा वर तुरळक, त्याच्या वर एकही नाही. पेटी सरळ केल्यावर दिसत होतं, की बर्फ गेला तो भलताच झपाट्याने.

“हे बघा, इतक्या घाईने का गेला? मी म्हणतो, आधी हवा तापली.”

“छे, छे!” वडील म्हणाले. “आधी समुद्र तापला.”

त्यांनी स्टूल ओढलं आणि व्याह्यांच्या हातातून भिंग काढून घेतलं. सून चहा आणायला गेली. परत आली, तेव्हा पुढची कोणती पेटी कापायची यावरून गोदामात आवाज चढले होते आणि कपांकडे बघायला दोघांनाही सवड नव्हती.