पाय हलला, पण कळलं कुणाला?

"हलला! हलला!" अख्खा हॉल ओरडला. स्टेजवर मणकेवाल्या डॉक्टरांनी (डॉक्टर कसले, पांढरा कोट कुणालाही शिवून मिळतो!) एका माणसाच्या कमरेला निळं जेल चोपडलं, तळव्यावरून काडी ओढली, आणि कित्येक वर्षं निपचित पडलेला पाय झटकन दुमडला.

"हे जैविक जेल!" डॉक्टर माइकमध्ये गरजले. "तुटलेल्या मज्जारज्जूची दोन्ही टोकं सांधतं! वरून चोपडलं तर पाय हलतो, मणक्यात टोचलं तर माणूस धावतो!"

तिसऱ्या रांगेतला बाप ढसाढसा रडायला लागला. टेलिफोनच्या तुटलेल्या केबली जोडण्यात त्याचा जन्म गेला होता. तारेला तार जुळवायची, वर जेल भरायचं, लाइन चालू! मग माणसाची केबल का जुळू नये? बाकीचे डॉक्टरच्या भारी शब्दांना भुलले, हा गडी आपल्याच धंद्याला भुलला.

शेजारी चाकाच्या खुर्चीत लेक. आठ महिन्यांपूर्वी जिन्यावरून पडली आणि कमरेखालचं सगळं गेलं.

"बाबा, इस्पितळात व्यायाम घेणाऱ्या बाई नको म्हणाल्यात. मणक्यात भलतंसलतं टोचलं तर जिवावर बेतेल."

"त्यांचं काय जातंय सांगायला? त्यांची पोर बसलीय का खुर्चीत?" तो खेकसला, आणि लगेच ओशाळला.

त्यांचा नंबर लागला. पडद्यामागे लेकीच्या कमरेला जेल लागलं, काडी ओढली, पाय हलला. डॉक्टरांनी सुई उचलली.

"जरा थांबा," बाप म्हणाला. शंका म्हणून नव्हे, सवय म्हणून. केबल जोडली की दुसऱ्या टोकाच्या माणसाला विचारायचं, आवाज येतोय का? त्याशिवाय खड्डा बुजवायचा नाही.

"पोरी, डोळे मीट. मी काडी ओढतो. कुठल्या पायाला, ते सांग."

त्यानं ओढली. उजवा पाय दुमडला.

"सांग की."

"ओढा ना, बाबा," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा ओढली. पाय पुन्हा दुमडला. लेक डोळे मिटून वाटच बघत होती.

"आता ओढताय ना?"

"श्रद्धा ठेवा! जेल मुरायला वेळ लागतो!" डॉक्टर घाईघाईनं म्हणाले.

लेकीनं डोळे उघडले. बापाच्या हातातली काडी पाहून ती काय ते समजली. "आई मला मोजे घालते तेव्हाही पाय असाच झटकतो, बाबा. तेव्हा कुठं होतं जेल? बाईंनी सांगितलं होतं मला. तळव्याची खबर मणक्यातल्या जखमेच्या खालीच फिरते आणि तिथूनच पाय हलतो. मेंदूला पत्ताही नसतो. मज्जारज्जूला आधार देणारं जेल शास्त्रज्ञ खरंच शोधताहेत, पण अजून प्रयोग चाललेत."

"मग इथं आलीस कशाला गं?"

"तुमच्यासाठी. आणि... मलाही वाटलं, बाई चुकल्या असतील. बाबा, मी चालेन का हो कधी?"

"माहीत नाही, पोरी." एवढं खरं बोलायला त्याला आठ महिने लागले होते.

सुई न घेताच त्यानं लेकीची खुर्ची पडद्याबाहेर काढली. पुढच्या नंबरची बाई नवऱ्याची खुर्ची ढकलत पुढं आली. "सरका हो. आमची पाळी आहे."

बाप आडवा उभा राहिला. "ताई, मीही मघाशी असाच घाईत होतो. आशा धरा, जरूर धरा. पण पाय हलला की टाळ्या पिटू नका. ज्याचा पाय, त्याला डोळे मिटायला सांगा आणि विचारा, कळलं का? मगच सुई घ्या." त्यानं काडी पुढं केली.

नवऱ्यानं आपणहून डोळे मिटले. बाईला मात्र काडी हातात घ्यायचा धीर होईना.