पात्यातला पांढरा केस

माझ्या पात्यात एक पांढरा केस अडकला आहे. लांबी बोटाच्या पेराहून थोडी कमी, मुळाशी मऊ, टोकाशी राठ. तो कापशाचा आहे आणि मी तो सोडलेला नाही.

मित्रांनो, मी केस कापायचे एक जुने मशीन आहे. बारा वर्षे मी दुकानात गिऱ्हाइकांच्या माना साफ केल्या. नवे मशीन आले तेव्हा मालकांनी मला घरी आणले, त्यांच्या पांढऱ्या कुत्र्यासाठी, म्हणजे कापशासाठी. उन्हाळ्याच्या तोंडावर ते कापशाला पायरीवर बसवत आणि मुळापासून भादरत. "बघा, कसा हलका झाला गडी," म्हणत माझ्यावर फुंकर मारत. ती फुंकर म्हणजे माझे बक्षीस.

गेल्या उन्हाळ्यात कापशाची पाठ लाल झाली, सालपटे निघाली, कानाच्या टोकाला जखम झाली. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले की केस म्हणजेच त्याची सावली. ऊन कातडीवर असे पुन्हा पुन्हा भाजत राहिले तर कॅन्सरची गाठही होऊ शकते. चाळीस वर्षे केस कापणाऱ्याला कोणी केसांबद्दल शिकवावे, हे मालकांना झोंबले.

मालकीणबाईंनी मात्र ब्रश आणला. माझा नुसता जळफळाट झाला. तो रोज कापशाच्या अंगावरून फिरे, सुटे केस काढी, आणि कापशा डोळे मिटून घेई. माझा आवाज ऐकून तो कान पाडायचा. हे ठाऊक असूनही मी मनात म्हणे, येऊ दे उन्हाळा.

उन्हाळा आला. "आज नको, उद्या," असे तीनदा म्हणून झाल्यावर मालकांनी मला तेल घातले. मालकीणबाई दारातूनच म्हणाल्या, "स्वतःच्या टकलाला टोपी लागते ना? मग त्याची का काढता?"

मालक हसले नाहीत. त्यांनी मला चालू केले. मी कापशाच्या कानापाशी पोहोचले. तिथल्या व्रणावर अजून केस आला नव्हता. मालकांचा अंगठा त्यावर थांबला.

मित्रांनो, ब्रशचा हेवा मला आजही वाटतो. तरी तुमच्या कुत्र्याला उन्हाळ्यात भादरू नका, भर दुपारी सावलीत ठेवा. माझ्यासारख्या जळक्या मशीनचे एवढे ऐका.

मालकांनी मला बंद केले. फुंकर मारली नाही.

"तो ब्रश आण गं," ते म्हणाले. "कापशाचे केस यापुढे कापायचे नाहीत."