तरसाचा चष्मा

सिवाजिबू हे नाव ऐकून दार-एस-सलाममध्ये कोणी दचकत नाही. तिच्या जन्माच्या वेळी शेजारणी तिच्या आईबद्दल नाही नाही ते बोलत होत्या, तेव्हा आईने मुलीच्या नावातच सगळ्यांना सुनावलं: मी त्यांना उत्तर देत नाही. सिवाजिबूचा अर्थ तेवढाच. आता अशा नावाची बाई कोणाची माफी मागेल का? पण तिच्या नावाने माफी मागितली गेली, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

कारियाको बाजाराच्या मागे दोन खोल्यांत एक विनोदी चित्रांचं पाक्षिक निघायचं. सिवाजिबूने त्यात अकरा वर्षं दुसऱ्यांच्या चित्रांना शाई भरली होती. मग कधी नव्हे ते तिला स्वतःचं एक पान मिळालं, खाली स्वतःच्या नावासकट. तिसरीच्या पुस्तकातल्या ज्या गोष्टी अख्ख्या देशाला तोंडपाठ, त्या ती तिथे उलट्या करून टांगायची. तिच्या कासवाने शर्यत जिंकली, पण ते बक्षीस घ्यायला पोचेपर्यंत समारंभ संपून मंडपवालाही गेला होता. लोक उभ्या उभ्या वाचून हसायचे. ते पान म्हणजे तिचा जीव होता, आणि आपण ते झकास काढतो याबद्दल तिला तिळभर शंका नव्हती.

या खेपेला तरसाची गोष्ट होती. पुस्तकातल्या तरसाला दोन वाटांवरून मटणाचा वास येतो, ते दोन पाय इकडे नि दोन पाय तिकडे टाकतं आणि मधोमध फाटतं. सिवाजिबूचं तरस फाट्यावरच शेगडी मांडून बसलं आणि मटण भाजून विकायला लागलं. एवढ्यावर ती थांबली असती तर ती सिवाजिबू कसली? तिने तरसाला दोऱ्याने बांधलेला गोल चष्मा घातला. तो चष्मा सगळ्या देशाच्या ओळखीचा होता, कारण पुस्तकाच्या मागच्या पानावर तो लावून खुद्द लेखक बसले होते, मिहायो गुरुजी.

गुरुजींचं पत्र आलं. "हे चित्र काढणारी बाई कोण? तिचं घर कुठलं? तिने उत्तर द्यावं."

संपादक तेंबासाहेबांना घाम फुटला. मंत्रालयातले अर्धे अधिकारी गुरुजींच्या हाताखाली शिकलेले. सिवाजिबूला न विचारता त्यांनी तिच्या नावाने माफीपत्र लिहिलं, त्यात चार ठिकाणी 'विनम्र' घातलं आणि धाडून दिलं. आठ दिवसांनी उत्तर आलं. असली माफी मागणाऱ्या बाईने मुलांच्या गोष्टींना हात लावू नये, पान बंद करा, नाहीतर मी मंत्रालयात जातो.

"संपलं तुझं पान," तेंबासाहेब म्हणाले. "उद्यापासून पुन्हा शाई भर."

सिवाजिबूने हात पुढे केला. "आधी दोन्ही पत्रं दाखवा."

तिने पहिलं पत्र वाचलं, पुन्हा वाचलं आणि कपाळावर हात मारला.

"साहेब, मिहायो म्हणजे ताबोराकडचे न्यामवेझी ना?"

"असतील. मला काय करायचंय?"

"तुम्ही मोशीच्या डोंगरातले, तुम्हाला कसं कळणार म्हणा. मी किनाऱ्याची झारामो. आमच्या नि त्यांच्या जमातीत उतानी आहे. ते घर विचारत होते ते काय पोलिसात द्यायला? म्हातारा मला हाक मारत होता हो, आणि तुम्ही माझ्या नावाने त्याच्या तोंडावर दार आपटलंत."

उतानी म्हणजे थट्टेचं नातं. न्यामवेझी लोक डोक्यावर हस्तिदंत वाहून समुद्रापर्यंत यायचे, तेव्हापासून झारामोंशी त्यांचं हे जुळलेलं. एकमेकांना वाटेल ते बोलावं, टोपी पळवावी, अगदी मयतातसुद्धा सोंगं करावीत, आणि समोरच्याने रागवायचं नाही. माफी मागायची ती परक्याची. उतानीतल्या माणसाची माफी मागणं म्हणजे तू माझा कोणी नाहीस, असं लिहून देणं.

तेंबासाहेबांना ओढतच ती दुपारी मागोमेनीत गुरुजींच्या घरी गेली. गुरुजी ओसरीवर पेपर वाचत बसले होते, चष्मा दोऱ्याने बांधलेला. तेंबासाहेबांनी वाकून "शिकामू, शिकामू" असा दोनदा नमस्कार केला. थोरांना हा नमस्कार न करणं म्हणजे उद्धटपणाची हद्द, आणि सिवाजिबूने तो केला नाही. तिने सरळ जाऊन गुरुजींच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला.

"काय रे हमाला," ती म्हणाली, "माझ्या तरसाची तक्रार आहे. म्हणतं, दुसरं काहीही घाल, पण या म्हाताऱ्याचा चष्मा नको, त्यातून मटणसुद्धा दिसत नाही."

तेंबासाहेबांनी डोळे मिटून घेतले.

गुरुजींनी डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं. "माफी मागणारी ती तूच ना?" त्यांनी विचारलं.

"ती या डोंगऱ्याने लिहिली. माझं नाव सिवाजिबू. मी आईलासुद्धा विनम्र म्हटलेलं नाही."

"झारामो?"

"नाहीतर काय? सात पिढ्या नारळाखाली बसून तुम्हाला ओझी वाहताना बघतोय."

"बसूनच राहिलात, म्हणून शेतं विकून खाल्लीत," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज सैल झाला. मग त्यांनी पेपराची घडी घातली. "दोन वर्षांपूर्वी माझी बायको वारली, न्यान्झाला तिचं नाव. या गल्लीत सगळे झारामो. सगळे इस्त्रीचे कपडे घालून आले, वाईट झालं म्हणाले, चहा पिऊन गेले. एकजणही कबरीत आडवा पडला नाही. ऊठ गं म्हातारे, चुलीवर डाळ करपली, असं कोणी तिला म्हटलं नाही. परक्यासारखी पाठवली तिला. शहरात ही रीत राहिली नाही म्हणतात. मग तुझं तरस आलं. मी खोकला लागेपर्यंत हसलो. त्याच दिवशी पत्र टाकलं आणि रोज दाराकडे बघत बसलो. आणि आलं काय? चार वेळा विनम्र."

सिवाजिबूला शरम वाटली. ती माफी तिची नव्हती, तरी वाटली. गुरुजींच्या शेजारी एक बुटकं स्टूल होतं, स्वच्छ पुसलेलं.

"ती इथेच बसायची?"

गुरुजींनी मान हलवली. त्यावर कोणी बसत नाही, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तोवर सिवाजिबू बसलीसुद्धा. तिने डोक्यावरून ओढणी घेतली, पाठ वाकवली आणि कापऱ्या आवाजात सुरू झाली.

"मी जाऊन दोन वर्षं झाली, मिहायो, आणि अजून तुला चष्म्याची दांडी बसवून घेता आली नाही? आणि हा दोरा कुठला? माझ्या लुगड्याची किनार उसवलीस ना, मेल्या?"

गुरुजींचा हात चष्म्याकडे गेला, पण चष्मा तिच्याकडे होता. दोरा खरंच लुगड्याच्या काठाचा होता, निळा. ते हसायला लागले, हसता हसता खोकले, आणि मग रडले. सिवाजिबूने त्यांना रडू दिलं. नंतर तिनेच चष्मा ओढणीने पुसून त्यांच्या नाकावर ठेवला.

निघताना गुरुजींनी माफीपत्राच्या पाठीवर लिहून दिलं: पान चालू ठेवा.

"आणि माफीचा दंड, एक कोंबडी," ते म्हणाले. "डोंगऱ्याकडून."

पुढच्या अंकात तरस डोक्यावर हस्तिदंत घेऊन फाट्यावर उभं होतं. मागे बुटक्या स्टुलावर बसून तरसाची बायको त्याला झापत होती. चौथ्या दिवशी पत्र आलं. "बायको हुबेहूब. माझं नाक चुकलं आहे. उत्तर द्यावं."

तेंबासाहेबांनी पत्र दोन बोटांत धरून तिच्यापुढे ठेवलं आणि मागे सरकले. कोणालाच उत्तर न देणाऱ्या सिवाजिबूने हातातला ब्रश खाली ठेवला आणि उत्तर लिहायला घेतलं.