केंटचा घोडा ताम्हनात

मी एक जुना बिल्ला आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, भित्रा आहे. मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा आणि त्याच्या खाली पट्टीवर एक लॅटिन शब्द, एवढाच माझा थाट. त्या शब्दाचा अर्थ ‘अजिंक्य’. ज्याने तो माझ्यासाठी निवडला, त्याला माझा स्वभाव ठाऊक नसावा.

माझा जन्म इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात झाला. पितळेच्या पत्र्यावर पोलादी ठसा दाणकन आदळला आणि मी जगात आलो. तो दणका अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. पाठीवर दोन कड्या बसवून मला केंट परगण्याच्या यिओमनरीत पाठवलं. यिओमनरी म्हणजे गावोगावच्या शेतकऱ्यांची घोडेस्वार पलटण. ज्या तरुणाच्या टोपीवर मी बसलो, तो मला रोज फडक्याने पुसायचा. माझं भारी कौतुक होतं त्याला.

मग पहिलं महायुद्ध आलं. या घोडेस्वारांचे घोडे मागेच ठेवले आणि त्यांना तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर पायी उतरवलं. मी त्याच्या कपाळावरच होतो. थंडीतही ते कपाळ घामाने भिजायचं. भीती म्हणजे काय, हे मी तिथे शिकलो. तो वाचला, घरी गेला, म्हातारा झाला. त्याच्या मागे मी एका ड्रॉवरमध्ये, मग बटणांच्या डब्यात गेलो आणि कुणाच्या तरी सामानातून अमेरिकेत आलो. डब्यातल्या काळोखात कितीतरी वर्षं कुणी माझ्याकडे पाहिलं नाही.

दोन हजार पाच साली नॉर्थ कॅरोलायनात, रॅले शहरात जुन्या वस्तूंच्या बाजारात, फ्ली मार्केटात, परीक्षितने मला उचललं. परीक्षित मूळचा पुण्याचा, राहायला शेजारच्या कॅरी गावात, कामाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्याला यिओमनरीचे बिल्ले जमवायचा नाद. त्याने मला टेबललॅम्पखाली धरलं, डोळ्याला भिंग लावलं आणि माझी उलटतपासणी सुरू केली. माझा जीव मुठीत. आमच्या जगात नकली बिल्ल्यांचा सुळसुळाट आहे, आणि एकदा नकली ठरलं की पुन्हा डबा.

“विनी, ओरिजिनल आहे हा!” त्याने बायकोला, विनीताला, हाक मारली. “अयाळ बघ कशी झिजलीय. कॉपी असती तर एज एकदम शार्प असती. आणि हा काळपट रंग बघ, कसला मस्त आहे यार. याला पॉलिश अजिबात करायचं नाही.”

मी सुटलो आणि त्याच्या टेबलावर मानाने राहू लागलो.

नोव्हेंबरात त्याची आई पुण्याहून आली. सुलभाबाई. टेबलावरून मला स्वयंपाकघर दिसायचं. त्या भर दुपारी सगळे दिवे लावायच्या. चहा ओतताना धार कपाच्या बाहेर पडायची आणि त्या हसून म्हणायच्या, “नवीन घर ना, सवय नाही.” परीक्षित म्हणायचा, “जेट लॅग आहे, आई.” तीन आठवडे झाले तरी त्याचं जेट लॅगच चाललं होतं.

चंपाषष्ठीच्या सकाळी मुलगा-सून कामावर गेले. सुलभाबाई टेबलापाशी आल्या. त्यांची बोटं चाचपडत माझ्यापर्यंत पोचली. त्यांनी मला एका डोळ्याशी धरलं, मग दुसऱ्याशी, मग अंगठ्याने माझा घोडा चाचपला.

“अगं बाई, खंडेराया!” त्यांनी मला कपाळाला लावलं. “पोरानं कुलदैवताचा टाक आणून ठेवलाय आणि मला बोललासुद्धा नाही!”

टाक म्हणजे देवाची मूर्ती उठवलेला पत्रा. त्यांच्या घरचे टाक पुण्याला, मोठ्या दिरांकडे. इथल्या देवघरात खंडोबा नव्हता. आता तो मीच होतो.

आणि टाक म्हटला की तो चिंचेने घासायचा. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरही माझी एवढी पाचावर धारण बसली नव्हती. माझी ओळख असलेला तो काळपट रंग माझ्या डोळ्यांदेखत सिंकमधून वाहून गेला. ओरडावंसं वाटलं, पण पितळेला कुठला आवाज? मला पुसून त्यांनी ताम्हनात ठेवलं, भंडारा वाहिला आणि समोर निरांजन लावलं.

मग त्या अगदी हळू बोलू लागल्या. “देवा, डाव्या डोळ्यानं काहीच दिसत नाही रे. उजव्याचंही कडेचं जायला लागलंय. पोराला सांगितलं तर तो घाबरेल, कामंधामं टाकून बसेल, नाहीतर मला परत पाठवेल. पुण्याला जाईपर्यंत तेवढं पुरू दे. दोघांचे चेहरे पाहून घेते.”

मित्रांनो, मी देव नव्हतो. त्यांचं गाऱ्हाणं चुकीच्या दारात आलं होतं. या बाईची नजर रोज थोडी थोडी जात होती, ते फक्त मला कळलं होतं, आणि मला बोलता येत नव्हतं. स्वतःच्या रंगाची भीती त्यापुढे काहीच नव्हती.

संध्याकाळी परीक्षितने मला ताम्हनात चकाकताना पाहिलं आणि तो भडकला.

“आई, हे काय केलंस? पूर्ण रुइन केलंस! हा ब्रिटिश बिल्ला आहे!”

“मला वाटलं, खंडोबा...”

“यावर स्वार तरी आहे का? नुसता घोडा आहे! आणि खाली एवढी ठळक इंग्रजी अक्षरं!”

विनीता पुढे आली. “थांब जरा, परीक्षित. आई, अक्षरं दिसली नाहीत तुम्हाला?”

“घाईत बघितलं गं.”

विनीताने मला उचललं आणि दोन्ही मुठी त्यांच्यासमोर दूर दूर धरल्या. एक मूठ रिकामी होती, त्यांच्या डाव्या बाजूची तिने उघडली, तिच्या तळव्यावर मी. “आता बिल्ला कुठल्या हातात आहे, आई?”

सुलभाबाईंनी बराच वेळ पाहिलं. मग रिकाम्या मुठीकडे बोट केलं.

परीक्षितच्या कपाळावर घाम आला. तसलं कपाळ मी ओळखतो. तो आईच्या पायाशी जमिनीवरच बसला आणि म्हणाला, “कधीपासून गं?”

“वर्ष झालं असेल,” त्या म्हणाल्या. “रागावू नकोस. मला फार भीती वाटत होती.”

दुसऱ्याच दिवशी ते तिघं डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. परीक्षितने मला खिशात का घातलं, त्यालाच ठाऊक. पूर्ण वेळ तो मला मुठीत आवळून बसला होता आणि त्याचा तळवा ओला होता. डॉक्टर म्हणाली, काचबिंदू आहे. डावा डोळा गेला, तो परत येणार नाही. उजव्यात जेवढं उरलंय, तेवढं औषधाने राखायचा प्रयत्न करू, पण फार उशीर झालाय. विनीता हे सासूबाईंना मराठीत सांगत होती आणि मध्येच थांबून तिने त्यांचा हात धरला.

तेव्हापासून परीक्षित रोज आईच्या डोळ्यात थेंब घालतो. मी आता इतका चकाकतो की बिल्ले जमवणारा एक अमेरिकन मला नकली म्हणून गेला. परीक्षितने वाद घातला नाही.

मित्रांनो, जुन्या पितळेला चिंच लावू नका, एवढंच सांगावं असं मला आधी वाटलं होतं. आता वाटतं, तुम्ही मला खुशाल घासा. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ‘नीट दिसतंय ना?’ असं विचारून निघून जाऊ नका. ‘हो’ असंच उत्तर मिळेल, कारण तुमच्यापेक्षा जास्त भीती त्यांनाच वाटत असते. त्यांचा हात धरा आणि त्यांना डॉक्टरकडे न्या. आजच न्या.