सायोचा चेहरा

"अहो, कठड्याला धरा. पायऱ्यांवर शेवाळ आहे."

"धरलंय. मी काय आज पहिल्यांदा पायऱ्या चढतोय?"

"या देवळाच्या तरी पहिल्यांदाच," शिगेको म्हणाली, आणि इसामूने कठडा आणखी घट्ट धरला.

टेकडीवरच्या देवळाची बाग जूनच्या झडीत निळीजांभळी होऊन गेली होती. अजिसाईच्या फुलांचे घोस पाण्याने जड होऊन पायऱ्यांवर वाकले होते. माणसं छत्र्या सावरत फोटो काढत होती, एकमेकांना वाट देत होती. शाळेच्या स्वयंपाकघरात भाताची पातेली उपसता उपसता शिगेको म्हातारी झाली. पण दरवर्षी या दिवसांत ती इथे एकटी यायचीच. घरी सांगायची, फुलं बघायला जाते. "भिजायला जाते म्हण," असं पुटपुटून इसामू आपल्या तातामी चटया शिवत बसायचा. आज मात्र सकाळी तो बूट घालून दारात उभा. "मीही येतो." तिला ते मुळीच आवडलं नव्हतं. साऱ्या संसारात एवढी एकच जागा तिची स्वतःची होती.

फुलांपाशी ती थांबलीच नाही. देवळाच्या मागे, बांबूच्या आडोशाला जिझोंच्या दगडी मूर्तींच्या रांगा होत्या. जन्माआधीच गेलेल्या पोरांचे हे रखवालदार. वीतभर उंचीचे, गळ्यात लाल लाळेरी बांधलेले. तिने त्यांतल्या एकाचं विटलेलं लाळेरं सोडलं आणि पिशवीतलं नवं बांधलं. तेही लगेच भिजायला लागलं.

"हाच?" इसामूने विचारलं.

"हो."

"मला वाटलंच होतं, तू इथे येतेस."

"वाटलं होतं, आणि कधी विचारलं नाहीत."

त्याने टोपी काढली. पाऊस सरळ टकलावर पडत होता. "डॉक्टर परवा काय म्हणाले, तू ऐकलंस ना? हळूहळू सगळं पुसलं जाणार माझं. म्हटलं, त्याआधी तुला सांगून टाकावं."

"काय सांगायचंय?"

"मी तिला पाहिलं होतं गं."

बाळ पोटातच गेलं होतं. त्या काळी आईला दाखवत नसत. बघितलं नाही तर लवकर विसरेल, म्हणून. शिगेको गुंगीतून जागी झाली तेव्हा मुलगी होती एवढंच तिला कळलं. सासूबाई म्हणाल्या, दुसरं होईल. दुसरं झालं नाही.

"पेटी बंद करायच्या आधी नर्सने विचारलं, बघायचंय का," इसामू सांगत होता. "मी हो म्हटलं. केस दाट होते. ओले, कपाळाला चिकटलेले. डावा कान वरून जरासा दुमडलेला, तुझ्यासारखा. आणि तोंड रागावल्यासारखं. झोपमोड झाली की पोरं करतात ना, तसं."

शिगेकोला रडू आलं नाही, संताप आला.

"इतकी वर्षं मूग गिळून बसलात? रस्त्यात दिसेल त्या पोरीकडे बघत होते मी, अशी असेल का, तशी असेल का! शाळेतल्या सगळ्या पोरींची तोंडं लावून पाहिली तिला! आणि तुम्ही माझ्या शेजारी झोपत होतात!"

"तुला सोसणार नाही, असं आई म्हणाली."

"आई म्हणाली! आणि तुम्ही?"

त्याने हातातली टोपी पिळली. "मलाच सोसलं नसतं. तोंड उघडायला गेलो की ती पेटी डोळ्यांपुढे यायची. एवढीशी होती गं."

ती जिझोपुढे उकिडवी बसून राहिली. तो तिच्यावर छत्री धरून उभा होता आणि स्वतः भिजत होता.

"नखं होती?" लाळेऱ्याची गाठ सारखी करत तिने विचारलं.

"होती. चांगली वाढलेली. कापायला आली होती."

तेव्हा कुठे तिचा बांध फुटला. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही.

उठताना ती म्हणाली, "मी नाव ठेवलंय तिचं. सायो."

"सायो," तो हलकेच म्हणाला. मग बागेकडे वळला आणि हातगाडीवाल्याला थांबवावं तशा खणखणीत आवाजात ओरडला, "सायो! चल गं, घरी जायचंय!"

माणसं वळून बघू लागली. शिगेकोने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो समजून हाक मारतोय की डोक्यातलं काही निसटलंय, तिला कळेना. कडेवर पोर घेतलेली एक तरुण बाई धावत आली. "आजी, नात हरवली का? कुठल्या बाजूला गेली?"

"हरवली नाही गं," शिगेको म्हणाली. "इथेच असते ती."

आणि त्याच्या हातातली छत्री घेऊन, त्याच्या डोक्यावर धरून, त्याच्या हाका संपेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.