जन्मदाखल्याच्या दोन प्रती

टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन बंदरातून बोट सुटायला तीन आठवडे होते आणि आमच्या घरात नुसती धमाल उडाली होती. मम्माच्या सत्तरीसाठी सगळं खानदान मेक्सिकोला जाऊन येणार होतं. पाठीवर ‘गिलरींची गलबतस्वारी’ असं छापलेले जांभळे टी-शर्टसुद्धा येऊन पडले होते. कागदपत्रांचं खातं माझ्याकडे होतं. दुसऱ्या कुणावर सोपवलं असतं, तर अर्धं खानदान धक्क्यावरच राहिलं असतं.

रविवारी चर्चहून सगळे गंबोचा दाट रस्सा ओरपायला जमले, तेव्हा मी जाहीर केलं, “बोट निघते तिथंच परत येते. पासपोर्ट नको. जन्मदाखला आणि लायसन्स, बास!”

मम्मा उठली आणि पियानोवरची फ्रेम आणून तिनं माझ्यासमोर ठेवली. सोनेरी काठाच्या कागदावर इस्पितळाचं नाव होतं आणि खाली तिच्या जन्मावेळच्या इवल्याशा पावलांचे शाईचे ठसे.

“घे माझा दाखला.”

“अगं मम्मा, हा इस्पितळानं हौसेनं दिलेला कागद. बोटीवर सरकारी शिक्क्याचा लागतो.”

“का? पावलं काय शेजारणीची आहेत?”

“बूट काढायला लाव तिला, जुळवून बघ!” माझा भाऊ रोलंड खिदळला.

मला मात्र हसू येईना. जिच्यासाठी एवढा घाट घातला, तीच धक्क्यावरून हात हलवत राहिली तर?

सोमवारी तिला घेऊन मी जन्मनोंदी ठेवणारं कोर्टाचं ऑफिस गाठलं. खिडकीतल्या बाईनं नाव, तारीख विचारून कॉम्प्युटरमध्ये शोधलं. “आहे हो नोंद. लगेच प्रत देते.”

मी एवढ्या जोरात “थँक यू, जीझस!” म्हणाले, की अख्खी रांग वळून बघायला लागली. मम्माला मिठी मारायला गेले, तर ती खिडकीत वाकलेली.

“यावर मला कुठं कुठं जाता येईल?”

“बोटीनं जा, त्याच बोटीनं परत या.”

“परत यायलाच हवं?”

“मधेच उतरून विमानानं कुठं जायचं, तर पासपोर्ट लागेल. पण त्याच्या अर्जाबरोबर दाखला टपालानं पाठवावा लागतो. महिना-दीड महिना सहज जातो.”

“म्हणजे बोट हुकली,” मी घाईघाईनं म्हणाले. “सोड ना मम्मा. एकटी कुठं जाणारेस तू?”

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. सहा पोरं वाढवली, पप्पांचं आजारपण काढलं, टेक्सासच्या पलीकडे कधी पाऊल टाकलं नाही. तुला कुठं जावंसं वाटतं, असं तिला कुणी विचारलंच नव्हतं.

“दोन प्रती द्या,” मम्मा त्या बाईला म्हणाली. “एक पोरांबरोबर जाऊन यायला. दुसरी पासपोर्टला.”

मला भीती वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला. “पण जाणार कुठं?”

“ते मी ठरवीन,” पर्स उघडत मम्मा म्हणाली. “पोचले की फोन करीन तुला.”